फूट आणि टक्का

गालिचा ही वस्तू अंथरायची पायाखाली, पण ती बसते घराच्या डोक्यावर. सतरंजीचे तसे नाही. सतरंजी आपली पायरी ओळखून असते. तिच्यावर पोरे लोळतात, पत्ते पिसले जातात, बारशाला बायका बसतात आणि श्राद्धाला गुरुजी. मळली की ती बादलीत जाते, पायांनी तुडवली जाते आणि गच्चीच्या कठड्यावर वाळत पडते. तिच्या धुण्यात आजवर कुणालाही नैतिक प्रश्न दिसलेला नाही. गालिच्याची गोष्ट वेगळी. तो मळत नाही, त्याची 'रया जाते'. तो धुवायचा नसतो, त्याला 'ट्रीटमेंट' द्यायची असते. आणि ही ट्रीटमेंट देणारा माणूस जेव्हा आकडा सांगतो, तेव्हा घरातली चार चांगली माणसे एकदम तत्त्वज्ञ होतात.

त्यांना पडणारा प्रश्न असा : धुण्याचे पैसे धुण्याचे घ्यावेत, की धुतल्या जाणाऱ्या वस्तूचे?

हा प्रश्न सोपा असता तर माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसापर्यंत आलाच नसता. आमच्या इमारतीत संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, एक वकील आहेत. पण पैसा आणि नीती यांचा गुंता झाला की लोक बँकेतल्या कारकुनाला हाक मारतात. दोन्हींपैकी निदान एकाशी तरी याचा रोजचा संबंध असेल, असा त्यांचा समज असतो.

मला हाक आली ती खालच्या मजल्यावरच्या काकांकडून. काकांकडे काश्मिरी गालिचा आहे. रेशमी, सहा बाय नऊचा. गेली कित्येक वर्षे तो न धुण्यात काकांनी बरीच काटकसर केली, आणि शेवटी त्या काटकसरीतली 'कसर' गालिच्याच्या एका कोपऱ्याला लागली. तेव्हा कुठे गालिचे धुणाऱ्या एका गृहस्थांना बोलावणे गेले. मी पोचलो तेव्हा ते गृहस्थ गालिचा उलटा करून बसले होते. जाणता माणूस गालिच्याचे तोंड बघत नाही, पाठ बघतो. गाठी तिथे दिसतात. त्यांनी खिशातून पट्टी काढली, एका इंचात अठरा आडव्या आणि अठरा उभ्या गाठी मोजल्या आणि म्हणाले, "साहेब, साध्या लोकरीच्या गालिच्याला मी फुटाला तीस रुपये घेतो. याला नव्वद पडतील."

"का? याला पाणी जास्त लागतं?" काकांनी विचारले.

"नाही."

"साबण?"

"उलट कमी."

"वेळ?"

"थोडा जास्त. पण तिप्पट नाही."

"मग हे वरचे साठ रुपये कशाचे?"

त्या गृहस्थांनी एकदा गालिच्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, "भीतीचे."

काका माझ्याकडे वळले. "ऐकलंत? तुम्ही कॉमर्सवाले ना? सांगा बघू, भीती हा काय विकायचा माल आहे?"

मी म्हटलं, "काका, विम्याचा हप्ता दर वर्षी न चुकता भरता, तो कशाचा भरता?"

हे काकांना आवडले नाही. मला न्याय द्यायला बोलावले होते, आणि न्याय म्हणजे काकांच्या बाजूने बोलणे हे गृहीत होते. तेवढ्यात त्या गृहस्थांनी पावतीपुस्तक काढले. "किंमत काय लिहू, साहेब?"

"किंमत?" काका घाईघाईने म्हणाले, "जुना आहे हो! कसली आलीय किंमत? लिहा पाच हजार."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "पाच? परवा विहीणबाईंना दोन लाख सांगितलेत ना?"

गृहस्थांनी पेन थांबवले. चोपन्न फुटांचे नव्वदच्या भावाने चार हजार आठशे साठ होत होते. "साहेब," ते म्हणाले, "पाच हजारांचा माल आणि धुलाई जवळजवळ पाच हजार! मग धुता कशाला? नवाच आणा."

इथे काकांना थोडा विचार करू देऊ. आपणही तेवढ्यात करून घेऊ.

फुटाच्या भावाचा मोठा गुण हा की तो कुणाचे तोंड बघत नाही. पोस्टाच्या तराजूवर प्रेमपत्र आणि वकिलाची नोटीस एकाच वजनाची भरली तर तिकीट एकच. एस. टी.त इनामदाराला आणि त्याच्या गड्याला भाडे एकच. टेप लावावा, गुणाकार करावा, पैसे द्यावेत. वाद नाही, घासाघीस नाही, कुणाच्या श्रीमंतीची चौकशी नाही. लोकशाहीला शोभणारा भाव आहे हा.

पण हा भाव जरा ताणून पाहा. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी एकोणिसाव्या शतकात एक गालिचा करवून घेतला होता. लोकरीचा नव्हे, मोत्यांचा. रेशीम आणि हरणाचे कातडे यांच्यावर बसऱ्याचे लाखो मोती, शिवाय हिरे, माणके, पाचू. मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर घालण्यासाठी तो करवला असे सांगतात. पण १८७० साली महाराज वारले आणि गालिचा बडोद्यालाच राहिला. पुढे २००९ साली दोहा इथल्या लिलावात तो सुमारे पंचावन्न लाख डॉलरला विकला गेला. त्या वेळच्या भावाने पंचवीस कोटी रुपयांच्या वर. आता याचे माप किती? साधारण पावणेसहा फूट बाय पावणेनऊ फूट. म्हणजे पन्नास चौरस फूट. काकांच्या गालिच्यापेक्षा लहान! तीस रुपये फुटाने धुलाई झाली पंधराशे रुपये. पंधराशे रुपयांत पंचवीस कोटींना ब्रश लावणारा माणूस मिळणार नाही. आणि मिळालाच, तर त्याच्या हाती तो गालिचा देणाऱ्या मालकाला कुणीही शहाणा म्हणणार नाही.

म्हणजे फूट हरला. मग टक्का जिंकला का?

तेही नाही. टक्केवाल्याचे म्हणणे असते की वस्तू किमती तितकी ती नाजूक, म्हणून धुलाई किमतीच्या प्रमाणात. ऐकायला ठीक आहे. पण किमती आणि नाजूक हे दोन वेगवेगळे गुण आहेत. मोठ्या घरच्या सुना नाजूक असतात अशी आपली जी समजूत असते, तिच्यातलीच ही एक. हाताने गाठ मारून विणलेला लोकरीचा चांगला गालिचा हा मुळात राकट प्राणी आहे. मागावरून उतरल्यावर त्याची पहिली आंघोळ कारखान्यातच होते. पक्का रंग, चांगली लोकर असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या पाणी सोसतो. याउलट दुकानात 'आर्ट सिल्क', 'बांबू सिल्क' अशा गोंडस नावांनी जे चमकते, ते बहुधा व्हिस्कोज असते. म्हणजे झाडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. तो ओला झाला की त्याचे निम्मे बळ जाते, तो पिवळा पडतो आणि त्याचे केस विस्कटतात ते विस्कटतातच. तसाच तो डिंकाने चिकटवलेला गालिचा. त्याच्या पाठीचा रबरी लेप काही वर्षांत झिजून पिठासारखा गळू लागतो. या दोन्ही स्वस्त वस्तू धुणाऱ्याला घाम फोडतात. टक्क्याच्या हिशेबाने त्यांना धुलाई कमी आणि बिचाऱ्या दणकट लोकरीला जास्त! म्हणजे अशक्ताच्या औषधाचे बिल पैलवानाने भरायचे.

दुसरी अडचण अशी की किंमत किमतीलाच ठाऊक नसते. २००९ साली जर्मनीत ऑग्सबर्ग इथल्या एका लहानशा लिलावघरात एक जुना इराणी गालिचा विकायला आला. लिलाववाल्याने अंदाज केला नऊशे युरोंचा. बोली चढत चढत वीस हजारांच्या आसपास गेली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पुढल्याच वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, तोच गालिचा लंडनच्या लिलावात बासष्ट लाख पौंडांना गेला. तो सतराव्या शतकातला किरमाणचा दुर्मीळ गालिचा निघाला. मूळ विकणाऱ्याकडून लिलाववाल्यावर दावा झाला. २०१२ साली कोर्टाने तो फेटाळला. सर्व प्रकारचा माल विकणाऱ्या साध्या लिलाववाल्याकडून इतक्या खोल ज्ञानाची अपेक्षा करता येत नाही, असा त्याचा आशय. आता समजा, त्या नऊशे युरोंच्या दिवसांत कुणी तो धुवायला टाकला असता आणि त्याचा लाल रंग पांढऱ्यात उतरला असता, तर धुणाऱ्याने काय भरून द्यायचे? नऊशे युरो की बासष्ट लाख पौंड?

हे प्रश्न कायद्याला सुचले नाहीत असे नाही. कॉलेजात आम्हाला मर्कंटाइल लॉ नावाचा विषय होता. तो दुपारी जेवणानंतरच्या तासाला असल्यामुळे बहुतेकांना त्यातले फारसे स्मरत नाही, पण १८७२ च्या करार कायद्याचे एकशे एक्कावन्नावे कलम माझ्या लक्षात राहिले. त्याचा भावार्थ असा की, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची इतकी काळजी घ्यावी, जितकी साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची घेईल. बघा, आकार, दर्जा आणि किंमत! फूटवाल्यांना फूट दिला, टक्केवाल्यांना टक्का दिला, आणि वर एक शब्द ठेवला : स्वतःच्या. कायद्याची पुस्तके एरवी रूक्ष असतात, पण या कलमाला कीर्तनातही जागा मिळावी.

त्याच्या आधीचे कलम मालकाला बांधते. वस्तूत ठाऊक असलेला दोष असेल तर तो आधी सांगायचा. आणि पुढचे एकशे सत्तरावे कलम धुणाऱ्याला बळ देते. श्रमाचे आणि कौशल्याचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा त्याला हक्क आहे. मद्रास उच्च न्यायालयाने तर साठच्या दशकात एका हरवलेल्या साडीच्या प्रकरणात असे ठरवले की, 'माल हरवल्यास बाजारभावाचा अमुक एक लहानसा हिस्साच मिळेल' असे पावतीवर बारीक टाइपात छापून लाँड्रीला मोकळे होता येत नाही. ते सार्वजनिक हिताला धरून नाही. म्हणजे पावतीच्या पाठीमागे लपायची सोय नाही.

आता कुणी म्हणेल, तुमच्या बँकेचे काय? बरोबर आहे, तेही सांगतो. बँकेच्या लॉकरचे भाडे आकारावर असते. आत नवरत्नांचा हार ठेवा की आजोबांची कवळी ठेवा, भाडे तेच. हा शुद्ध फुटाचा भाव. आणि रिझर्व्ह बँकेने २०२१ साली काढलेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्याच माणसाची लबाडी यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. फुटाचे भाडे आणि फुटाचीच भरपाई. पण बँकेला हे शोभते, कारण आत काय आहे ते बँकेला ठाऊक नसते. तुम्ही सांगत नाही, आम्ही विचारत नाही. गालिचा धुणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्यापुढे सगळे उघडे अंथरलेले असते. एकदा पाठीवरच्या गाठी मोजल्यावर 'मला काय माहीत' असे त्याला म्हणता येत नाही. ज्ञान ही मोठी महाग गोष्ट आहे. ज्याला कळते त्यालाच भीती वाटते.

ही भीती मला चांगली समजते, कारण मी कॅश काउंटरवर बसतो. शंभराच्या शंभर नोटा आणि पाचशेच्या शंभर नोटा मोजायला बोटांना श्रम तेच. थुंकीचा स्पंजही तोच. पण एक नोट इकडची तिकडे झाली तर एका बंडलात शंभर जातात, दुसऱ्यात पाचशे. आणि संध्याकाळी कॅश कमी भरली तर ती कॅशियरच्या खिशातून भरायची असते. बोटे तीच, छातीतली धडधड पाचपट. त्या गृहस्थांनी 'भीतीचे' म्हटले तेव्हा काका चमकले, मी चमकलो नाही.

वस्तू किमती झाली की तिला हात लावणारे वाढतात आणि पाय लावणारे कमी होतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा प्रसिद्ध इराणी गालिचा आहे. हिजरी ९४६ चा, म्हणजे १५३९-४० चा. १८९३ साली संग्रहालयाने तो दोन हजार पौंडांना घेतला. आज तो भल्यामोठ्या काचेच्या पेटीत असतो आणि रंग उडू नयेत म्हणून त्याच्यावरचा दिवा दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटे लागतो. आपल्याकडे याला लोडशेडिंग म्हणतात, तिकडे जतन म्हणतात. विंडसर किल्ल्यातल्या वॉटर्लू दालनात दोन टन वजनाचा एक गालिचा आहे. १९९२ साली किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. एवढ्या थोरामोठ्यांनी वाचवलेला हा गालिचा विणला कुणी होता? आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी, व्हिक्टोरिया राणीसाठी.

इथे मला या सगळ्या प्रश्नाची गाठ सापडल्यासारखी वाटते. जरा हिशेब मांडू. काकांच्या गालिच्यात इंचाला तीनशे चोवीस गाठी. चोपन्न चौरस फुटांचे सात हजार सातशे शहात्तर चौरस इंच. एकूण गाठी पंचवीस लाख एकोणीस हजार चारशे चोवीस. यातली प्रत्येक गाठ कुणीतरी बोटांनी मारली आहे. त्या माणसाला पैसे मिळाले ते गाठींच्या हिशेबाने. तो गालिचा पुढे दुकानात गेला, तिथे दलालाने टक्का घेतला. कुणी त्याचा विमा उतरवला, तर विमावाला टक्का घेतो. उद्या तो लिलावात गेला, तर लिलाववाला विकणाऱ्याकडून टक्का घेईल आणि घेणाऱ्याकडूनही. घ्यायला कर्ज काढलेत तर आमची बँक टक्का घेईल. या टक्क्यांवर कुणी हरकत घेत नाही. 'तुम्हाला याला काय पाणी जास्त लागतं?' असे लिलाववाल्याला कुणी विचारत नाही. मात्र त्या गालिच्यावर दिवसभर ओणवा होऊन, त्याच्या रंगांशी जीव मुठीत धरून खेळणाऱ्या माणसाने किमतीचे नाव काढले की आपल्याला एकदम पाणी, साबण आणि वेळ आठवतो.

सांगायचे तात्पर्य, जगाचा दर असा ठरलेला दिसतो : वस्तूला हात लावणाऱ्याला फूट, हात न लावणाऱ्याला टक्का.

मी स्वतः टक्केवाल्या संस्थेतला फूटवाला माणूस आहे. दोन्ही बाजू मला रोज दिसतात. म्हणून माझे मत असे की, किमती गालिच्याला धुणाऱ्याने जास्त मागितले तर त्यात अनीती नाही. पण एक अट आहे. भीतीचे पैसे घेतले, तर भ्यायला पाहिजे.

भ्यायचे म्हणजे काय, ते त्या गृहस्थांनीच सांगितले. आधी कोरडा गालिचा उलटा टाकून पाठीवर हलके झोडायचा, कारण मुळाशी बसलेली धूळ न काढता पाणी घातले की तिचा चिखल होतो. मग पांढरा फडका ओला करून प्रत्येक रंगावर कोपऱ्यात दाबून बघायचे, रंग सुटतो का. धुण्याचा सोडा आणि ब्लीच यांना घरात घ्यायचे नाही. लोकर आणि रेशीम या दोघांचेही ते हाडवैरी. पाणी थंड. ब्रश मऊ, आणि लव ज्या दिशेला झुकते त्याच दिशेला चालवायचा. पाणी निथळले की वाऱ्यावर, सावलीत, सपाट वाळवायचा. आतला सुती ताणा ओला राहिला तर कुबट वास धरतो. घडी कधीच घालायची नाही, गुंडाळायचा. आणि टोकांना लोंबतात ती शोभेची झालर नव्हे. त्या ताण्याच्या धाग्यांच्या दशा असतात. व्यवस्थितपणाच्या भरात कुणी त्या कात्रीने सारख्या केल्या तर हळूहळू सगळ्या गालिच्याचीच दशा होते. एवढे सगळे करणाऱ्याने साठ रुपये जास्त घेतले तर ते त्याचे. पण साध्या लोकरीच्या ढिगात टाकून, एकाच हौदात बुचकळून, वर 'रेशमी आहे साहेब' म्हणून तिप्पट घेतले, तर तो भीतीचा भाव नव्हे, भपक्याचा.

टक्क्याच्या भावात आणखी एक चोरवाट आहे. गालिच्याची किंमत बघायच्या निमित्ताने काही जण दारातली गाडी, भिंतीवरचा टी.व्ही. आणि मालकिणीच्या हातातल्या पाटल्या बघून घेतात. हा गालिच्याचा भाव नसून खिशाचा भाव आहे. तो ओळखायची सोपी खूण सांगतो. तोच गालिचा मालकाऐवजी त्याच्या ड्रायव्हरने नेऊन दाखवला असता तर भाव तोच राहिला असता का? राहिला असता, तर तो भीतीचा. बदलला असता, तर आपल्याच खिशाचा.

हे झाले धुणाऱ्याचे. पण माझ्या अनुभवाने धुणाऱ्यापेक्षा मालकाचीच नीती लवकर विटते. त्याच्या मनात गालिच्याला दोन किमती असतात. धुवायला देताना 'अहो जुनाच आहे, टाकूनच देणार होतो.' डाग पडून परत आला की, 'अहो, आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळचा, आता मिळत नाही असा!' धुलाई फुटाची हवी आणि भरपाई मोत्याच्या भावाची. असे दोन भाव दुकानदाराने ठेवले तर आपण त्याला नावे ठेवतो. आपण ठेवले की त्याला व्यवहार म्हणतो. आयकर, भाऊबंदकीच्या वाटण्या, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढचा पगार, सगळीकडे हाच व्यवहार. वस्तू एकच, किंमत समोरच्या माणसाप्रमाणे. गालिच्यावरचा डाग निदान फडक्याला लागतो. हा लागत नाही.

त्या दिवशी काकांना ते गृहस्थ वाटेल तसे बोलले असते तर काकांचे काम सोपे झाले असते. भांडून मोकळे झाले असते. पण ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पाच हजार लिहितो. तीसच्या भावाने धुतो. काही झालं तर पाच हजार माझ्याकडून घ्या. किंवा दोन लाख लिहितो, नव्वदने धुतो, आणि काही झालं तर मी आयुष्यभर फेडतो. दोन्ही चालेल. तुम्ही कोणतीही एक किंमत सांगा."

'एक' या शब्दावर त्यांनी काही जोर दिला नव्हता. पण खोलीत तोच ऐकू आला. काका गालिच्याकडे बघत राहिले. दोन्ही आकडे त्यांच्याच तोंडचे होते आणि दोन्हींपैकी एक खोटा होता, हे सांगायला कॉमर्सवाल्याची गरज नव्हती. शेवटी काकू हात पुसत बाहेर आल्या. "दोन लाख लिहा," त्या म्हणाल्या, "नव्वद घ्या. आणि त्या कोपऱ्यात नातवाने खोबरेल सांडलंय, वर पाट ठेवून झाकलंय यांनी. तेही लिहून घ्या."

काकूंनी करार कायदा वाचलेला नाही. पण दोन्ही कलमे त्यांनी एका दमात पाळली. त्या गृहस्थांनी तेलाचा डाग पाहिला, पावतीवर त्याची नोंद केली, आणि मग, का कोण जाणे, नव्वदचे ऐंशी केले. "आधी सांगितलंत म्हणून," एवढेच म्हणाले. खरे सांगितले की भीती थोडी कमी होते, आणि भीती कमी झाली की भावही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा नियम मला सापडला नाही. तिथे मागणी आणि पुरवठा यांच्यातच सगळी पाने संपतात.

आता एक प्रश्न राहतो, आणि तो फुटाने सुटत नाही, टक्क्यानेही सुटत नाही. आमच्या घरी गालिचा नाही. एक गोधडी आहे. आजीच्या तीन लुगड्यांची, तिच्याच हाताने घातलेल्या टाक्यांची. बाजारात तिची किंमत शून्य. शून्याचा कितीही टक्का काढला तरी शून्यच. फुटाने धुवायला दिली तर शंभर-दीडशे रुपये. आणि हरवली, फाटली, तर भरून द्यायला कुणाच्या बापाकडे काही नाही, रिझर्व्ह बँकेकडेही नाही. पावतीवर 'किंमत काय लिहू?' असे विचारले तर खरे उत्तर देता येत नाही, आणि खोटे द्यावेसे वाटत नाही.

तिची भीती दुसऱ्याला पैसे देऊन सोपवता येत नाही. म्हणून ती घरीच धुतली जाते. उन्हाळ्यात, एखादा स्वच्छ दिवस बघून. आणि ती गच्चीवर वाळत असते तोवर घरातले कुणीतरी एक डोळा तिच्यावर आणि एक डोळा आभाळावर ठेवून जिन्याच्या सावलीत बसून राहते. दिवसभर. फुकट.